धुरांडी, ओझोन आणि घोडबंदरची धूळ

ठाण्यात किंवा नवी मुंबईत मुलांना प्रदूषणावर चित्र काढायला सांगा. काळा धूर ओकणारी धुरांडी आणि भोक पडलेला ओझोनचा थर बहुधा येतोच. मुलांना काही कळत नाही, असं यावरून म्हणणं अन्यायाचं ठरेल. त्यांचे गैरसमज वेगवेगळ्या काळांत शिकवल्या गेलेल्या गोष्टींतून आले आहेत.

धुरांडी सर्वांत जुनी. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथे कारखाने आले. हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१चा. प्रदूषण म्हणजे दिसणारा धूर आणि झोंबणारा वास, ही समजूत त्या काळाला धरूनच होती.

ओझोन गाजला तो त्याचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने शाळांत पर्यावरण शिक्षण सक्तीचं केलं १९९१मध्ये, म्हणजे ओझोनचं विवर आणि तापमानवाढ एकदमच चर्चेत असताना. मुलांच्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ झाली. हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. लिव्हरपूल विद्यापीठातले बॉइज आणि स्टॅनिस्ट्रीट यांना नव्वदच्या दशकात आढळलं, की शिसेविरहित पेट्रोलने तापमानवाढ कमी होईल असं तिथल्या अनेक मुलांना वाटतं! शिसं काढल्याने शरीरात जाणारं विष घटतं. पृथ्वीच्या तापण्याशी त्याचा संबंध नाही.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे कार्बन डायऑक्साइडमुळेच श्वासाची हवा खराब होते, हा. २०१५मध्ये आलेला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक आठ घटकांवर बेतलेला आहे: पीएम २.५ आणि पीएम १० (हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म आणि सूक्ष्म कण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, शिसं आणि ओझोन. कार्बन डायऑक्साइड त्यात नाहीच; तो तापमानवाढीतला मुख्य आरोपी. ओझोन मात्र आहे, आणि इथे मुलं हमखास गोंधळतात. आकाशात उंचावर तो आपलं रक्षण करतो, जमिनीलगत छातीला त्रास देतो. तो कुठल्याच धुरांड्यातून निघत नाही. गाड्यांच्या धुरातले वायू आणि रसायनांच्या वाफा यांच्यावर ऊन पडलं की हवेतच तयार होतो.

पीएम २.५ तर राष्ट्रीय मानकांत आलं २००९मध्ये. आज शिकवणाऱ्या अनेक शिक्षकांनी स्वतः शाळेत असताना ते नावही ऐकलेलं नसणार, मग मुलांना काय बोल लावायचा?

दरम्यान इथली हवा बदलली. वागळे इस्टेटमध्ये आता आयटीची कार्यालयं आहेत, कोलशेतला कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. घोडबंदर रोडवर वाहनांची रांग, मेट्रोचं काम, डंपर, खाडीपलीकडे बांधकामं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९मध्ये सुरू झाला, तेव्हा हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नवी मुंबईचं नाव होतं. पाऊस सरला, वारा मंदावला की रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ खालीच रेंगाळते. झाडांच्या पानांवर थोडी बसते, पण ‘झाडे लावा’ एवढ्याने रस्त्याचा हिशेब मिटत नाही.

कोपरखैरण्याच्या मुलांना रात्री कंपनीचा वास आलेला बरोबर कळतो. वास नाही म्हणजे हवा चांगली, हा निष्कर्ष तेवढा चुकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पीएम २.५ डोळ्यांना दिसत नाही, आणि बाहेरची हवा नको म्हणून खिडक्या लावून आत मच्छर कॉइल पेटवली तर तीही असेच सूक्ष्म कण सोडते.