जाम नट आणि घट्ट नट

"हलना नाय. घट्ट असा." देवगड-मालवण पट्ट्यात जुनी फोर-बाय-फोर गॅरेजला न्या, स्टिअरिंग नकलच्या, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यासोबत वळतं त्या भागाच्या, नटावर पाना लावून हेच ऐकवलं जातं. हलत नाही, हे खरं. पण घट्ट आहे कशावरून?

घट्ट नट म्हणजे काय, ते थोडक्यात. नकलमध्ये स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळया, बसवलेले असतात. त्यांवर स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा आर्म बसतो आणि वरून नट. नट आवळला की स्टड साधारण केसाच्या जाडीएवढा ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा आर्मला नकलवर दाबून धरतो. स्टिअरिंगचा जोर पेलायचा तो त्या दाबाखालच्या घर्षणाने. जुन्या लँड क्रूझरच्या स्टडभोवती शंकूच्या आकाराचे चिरलेले वॉशर असतात, ते आर्मला नेमक्या जागी बसवतात. पण दाब तिथेही स्टडचाच.

जाम नटात हा ताण असेलच असं नाही. आट्यांत गंज भरला, नट चिकटला, एवढंच. आपल्याकडे त्याला वेळ कितीसा लागतो? खारा वारा, हौसेने पुळणीवर घातलेली गाडी, वर सड्यावरच्या जांभ्याचा चिखल. बाहेरून नट सिमेंटात पुरल्यासारखा दिसतो. आत मात्र आर्मखाली मारलेला रंग दबून गेलेला असतो. रंगाची जाडी आणि स्टडचा ताण जवळपास सारखाच, त्यामुळे रंग दबला की ताणही गेला. म्हणून पावसाळ्यापूर्वी गाडीखाली काळा रंग मारायचा तर खुशाल मारा, पण आर्म-नकलच्या बैठकीवर नको.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला 'कट्' आवाज करणारा पाना, आणली म्हणजे सुटलो, असंही नाही. स्वच्छ कोरड्या नटावरसुद्धा लावलेल्या जोरातला अंदाजे निम्मा नटाच्या बुडाशी, चाळीस टक्के आट्यांत खर्च होतो. स्टड ताणायला उरतात दहा टक्के. गंजलेल्या नटात तेही उरत नाहीत. रेंच 'कट्' करते, आपण खूश, आणि तो आवाज असतो गंजाचा. मापायचं असेल तर नट आधी सोडवा, आटे साफ करा, मग मॅन्युअलच्या आकड्याला आवळा.

माझ्या गाडीचे चारही नट असेच 'घट्ट' होते. टायर जमिनीवर, इंजिन चालू, एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला बसवलं आणि आर्म-नकलच्या सांध्यावर बोट आडवं ठेवलं. आर्म सरकतोय हे बोटाला कळत होतं. सांध्यातून तांबूस भुकटीची रेघ उतरली होती. मिठाचा गंज सगळीकडे सारखा पसरतो. ही रेघ सांध्यातूनच येते आणि पुसली तरी गाडी चालवली की परत उमटते. खोलायला घेतलं तर एका नटासोबत अख्खा स्टडच बाहेर आला. नटाकडचे आटे गंजून एकजीव, नकलकडचे आरशासारखे चकचकीत.

असं आडवं सरकणंच नट सोडवतं, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये प्रयोगाने दाखवलं. तरी आपल्याकडे उपाय काय? स्प्रिंग वॉशर! स्टडच्या पूर्ण दाबाखाली तो सपाट होतो आणि साध्या वॉशरइतकाच उरतो. दुसरा आवडता उपाय म्हणजे पान्याला पाईप. त्याने स्टड कायमचा लांबतो, मग त्याचा ताण मोजण्यात अर्थच नाही.

लॉकटाइट, म्हणजे आट्यांना लावायचा चिकट द्रव, त्याबद्दलचा गैरसमज त्याच जातीचा. लॉकटाइट नटाला जाम करतं, घट्ट नाही. ते मुद्दाम केलेलं, सोयीचं जामपण आहे. आधी योग्य ताण हवाच. मी ते स्टडच्या नकलकडच्या टोकाला लावतो, लाल, म्हणजे जास्त पकडीचं, आणि दोन नट एकमेकांवर आवळून स्टड बसवतो. लाल पुढे काढायचं तर सुमारे अडीचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, हे लक्षात ठेवूनच लावा. त्याआधी भोक आणि आटे ब्रेक क्लीनरने धुवायचे. डिझेलने धुतलेल्या भोकात तेलाचा पापुद्रा राहतो, त्यावर ते नीट धरत नाही. नकलमधलं ग्रीस झिरपलं असेल तर तेही निपटून काढा. पूर्ण पकडीला चोवीस तास द्या. 'संध्याकाळी गाडी पायजे' म्हणणाऱ्यांनी या कामाला हातच घालू नये.

आर्म दाबणारा वरचा नट मी कोरडाच ठेवतो. ग्रीस लावलं तर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. शिवाय आठ-दहा दिवस गाडी चालवून सांधा बसला की कोरड्या नटावर पुन्हा रेंच लावता येते. नटालाही लॉकटाइट लावलं असेल तर तपासायच्या नादात पकडच मोडाल. तिथे नट आणि स्टडच्या टोकावरून आर्मपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली तर खोला. न तुटली तरी सांध्यावर बोट ठेवून बघाच.