रक्ताचा कर्करोग, प्रतिजैविके आणि आतड्यातील जीवाणू

ल्युकेमियाच्या रुग्णाला दात्याच्या मूळपेशी देण्यापूर्वी तीव्र केमोथेरपी आणि काही वेळा किरणोपचारही देऊन त्याची रोगग्रस्त अस्थिमज्जा जवळजवळ रिकामी केली जाते. या उपचारांचा मारा वेगाने विभागणाऱ्या सर्वच पेशींवर होत असल्याने आतड्याचे अस्तरही सोलवटून निघते, आणि नेमक्या त्याच दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्तातून जवळपास नाहीशा झालेल्या असतात. एरवी निरुपद्रवी असलेला जीवाणू अशा वेळी रक्तात शिरला तर प्राणावर बेतते. म्हणूनच ताप येताच प्रतिजैविके सुरू करतात.

अडचण अशी, की ही औषधे आपले-परके पाहत नाहीत. क्लॉस्ट्रिडिया गटातील अनेक जीवाणू अन्नातील तंतू आंबवून ब्युटिरेट तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे ते मुख्य इंधन असून, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींनाही ते बळ देते. हे जीवाणू मेले, की मोकळ्या जागेत एन्टेरोकॉकससारखा चिवट जीवाणू फोफावतो. दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर आणि आतड्यावर उलटण्याचा जो विकार प्रत्यारोपणानंतर उद्भवतो, त्याच्याशी या बिघाडाचा संबंध आढळला आहे. उंदरांना लॅक्टोजविरहित आहार दिल्यावर एन्टेरोकॉकसची वाढ आणि या विकाराची तीव्रता, दोन्ही घटली.

अमेरिका, जर्मनी आणि जपानमधील चार केंद्रांतल्या १३६२ रुग्णांच्या ८७६७ विष्ठानमुन्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. खंड वेगळे असूनही बिघाडाचे स्वरूप सारखेच होते, आणि ज्यांच्या आतड्यात जीवाणूंची विविधता कमी, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. अर्थात, अधिक आजारी रुग्णालाच अधिक प्रतिजैविके मिळतात, त्यामुळे एवढ्यावरून सारा दोष जीवाणूंच्या ऱ्हासावर टाकणे मला घाईचे वाटते.

गमावलेले जीवाणू परत आणण्यासाठी उपचारापूर्वी साठवलेली रुग्णाचीच विष्ठा त्याच्या आतड्यात सोडण्याचा प्रयोग झाला असून त्याने विविधता भरून निघाली. दुसऱ्याची विष्ठा वापरण्यात मात्र धोका आहे: २०१९ मध्ये अशा उपचारातून आलेल्या औषधरोधी ई. कोलायमुळे मूळपेशी प्रत्यारोपणाचा एक रुग्ण दगावला, आणि त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दात्याच्या विष्ठेची अशा जीवाणूंसाठी तपासणी सक्तीची केली.