नेटवर्क चालू, ब्राउझिंग बंद : कार्यालयीन संगणकांवरील निर्बंधांची पार्श्वभूमी

कार्यालयातील संगणक एकमेकांना जोडलेले असावेत, पण त्यांवर वेबसाइट उघडू नयेत, ही मागणी आज तारेवरची कसरत ठरते. एके काळी ती आपोआपच पूर्ण होत असे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात बँका व कारखान्यांतील अनेक लॅन, म्हणजे इमारतीपुरती संगणकजाळी, नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या नेटवर्क-प्रणालीवर चालत आणि नेटवेअरचा आयपीएक्स हा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याची नियमावली, इंटरनेटच्या टीसीपी/आयपीहून निराळा होता. फाइल सर्व्हर आणि प्रिंटर सर्वांना मिळत; बाहेर जायला वाटच नसे. मराठवाड्यासारख्या भागात तर जिल्हा मुख्यालयांना जोडणारे एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेचे उपग्रहाधारित जाळे निकनेट वेबच्या आधीचे आहे. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तेही आधी महानगरांत. पुढे विंडोज ९८ मध्ये टीसीपी/आयपी मुळातच बसवलेला येऊ लागला, नेटवेअरनेही त्याच वर्षी आपल्या पाचव्या आवृत्तीत तोच स्वीकारला, आणि कार्यालयातले जाळे व बाहेरचे जाळे एकाच तारेवर आले. निर्बंधांची गरज तिथून सुरू होते.

या निर्बंधांचे मुख्य साधन ठरलेला प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांच्या वतीने वेबवरून पाने आणून देणारा मधला संगणक, मात्र अडवण्यासाठी जन्मलेला नव्हता. १९९४ च्या सुमारास सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेच्या वेब सर्व्हरमध्ये ही सोय आली, ती फायरवॉलच्या, म्हणजे आतले जाळे बाहेरच्यापासून तोडणाऱ्या संरक्षक भिंतीच्या, आत अडकलेल्यांना वेबपर्यंत पोहोचता यावे म्हणून. १९९६ मध्ये आलेला मुक्त स्रोत प्रॉक्सी ‘स्क्विड’ एकदा पाहिलेली पाने साठवून ठेवी, त्यामुळे ६४ केबीपीएसच्या संथ लीज्ड लाइनवर (भाड्याने घेतलेल्या कायम जोडणीवर) चालणाऱ्या कार्यालयांना तो मोठा आधार होता. पण त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, कोणत्या संगणकावरून कोणती साइट किती वाजता उघडली हेही नोंदले जाई. बचतीचे साधन एकदा असे साक्षीदार झाले की ते पहारेकरी व्हायला वेळ लागत नाही. ऑर्कुट आणि याहू मेसेंजरच्या काळात ‘साइट ब्लॉक करणे’ हा शब्दप्रयोग कार्यालयांत रुळला तो या मार्गाने.

लहान कार्यालयांना, पतसंस्थांना आणि औद्योगिक वसाहतींतील छोट्या कारखान्यांना एवढा खटाटोप परवडणारा नव्हता. तिथे संगणक दुरुस्त करायला येणाऱ्यानेच दोन युक्त्या रूढ केल्या. पहिली म्हणजे नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता आणि सबनेट मास्क (आपल्या जाळ्याची हद्द सांगणारा आकडा) भरायचे, पण ‘डिफॉल्ट गेटवे’ची, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराच्या पत्त्याची, चौकट कोरी सोडायची. असा संगणक शेजारच्या टेबलावरील प्रिंटरशी आणि खोलीतील सर्व्हरशी विनातक्रार बोलतो. बाहेरच्या पत्त्याकडे जायचे कुठून, हेच त्याला ठाऊक नसते. दुसरी युक्ती इंटरनेट एक्सप्लोररमध्ये खोटा प्रॉक्सी लिहिण्याची होती. १२७.०.०.१ हा पत्ता, म्हणजे संगणकाचा स्वतःचाच पत्ता, तिथे टाकायचा, की बाहेरची विनंती संगणकातच अडकून राही; आणि ज्या अंतर्गत साइट चालायला हव्यात त्या अपवादाच्या यादीत घालायच्या. ही दुसरी युक्ती फार काळ टिकणारी नव्हतीच, कारण फायरफॉक्स तेव्हा प्रॉक्सीची स्वतःची वेगळी सेटिंग ठेवत असे आणि तो पेनड्राइव्हवरूनही चाले. पहिली अधिक पक्की होती, पण सर्व्हर शाखेच्या खोलीतून उठून दूरच्या मुख्यालयी किंवा डेटा सेंटरमध्ये गेला तेव्हा तीही निकामी झाली. सर्व शाखांचे व्यवहार एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर आणणाऱ्या कोअर बँकिंगसाठी गेटवेची चौकट भरावीच लागली.

खरी अडचण त्यानंतर आली, कारण कामच ब्राउझरमध्ये शिरले. वेतन देयकांसाठी ‘सेवार्थ’, शाळांसाठी ‘शालार्थ’, जमिनीच्या नोंदींसाठी ‘ई-फेरफार’ अशा प्रणाली आल्यावर ब्राउझर बंद करणे म्हणजे कार्यालयच बंद करणे झाले. नको त्या साइट अडवण्याऐवजी हव्या तेवढ्याच साइटना परवानगी देण्याची पद्धत त्यामुळे पुढे आली. कागदावर ती निर्दोष दिसते. व्यवहारात मात्र एका पानाला लागणारे घटक चार वेगवेगळ्या पत्त्यांवरून येतात, त्यांतला एक जरी यादीत राहून गेला तरी पान अर्धवट उघडते, आणि कर्मचारी ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगून समोरच्या माणसाला उद्या बोलावतो. शिवाय मजकूर सांकेतिक रूपात पाठवणारी एचटीटीपीएस पद्धत सार्वत्रिक झाल्यापासून मधल्या प्रॉक्सीला सहसा साइटचे नाव तेवढे कळते, आतले पान दिसत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर वेळ वाया जातो हा जुना आक्षेपही फारसा उरला नाही. ज्याला करमणूक हवी त्याच्या खिशात ती आली. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण हेच आहे. निर्बंधांचे कारण शिस्तीकडून सुरक्षेकडे सरकले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्याद्वारे सुमारे ९४ कोटी रुपये गेल्यावर सहकारी बँकिंगमध्ये त्या कारणाविषयी कुणाला शंका राहिली नाही. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा मूलभूत आराखडा जारी केला. इंटरनेट वापरायचेच असेल तर ते शाखेतील ठरावीक, स्वतंत्र संगणकापुरते असावे आणि तो दैनंदिन व्यवहारांच्या संगणकांपासून काटेकोरपणे वेगळा असावा, असे त्यात म्हटले आहे. लातूर, नांदेड किंवा बीडमधील नागरी बँकांनाही हा आराखडा लागू आहे. सिंगापूर सरकारने असाच निर्णय आपल्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांबाबत २०१६ मध्येच जाहीर केला होता.

तरीही ब्राउझिंग बंद म्हणजे संगणक सुरक्षित, हे समीकरण मे २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने आधीच खोटे ठरवले होते. तो पसरला विंडोजच्या फाइल देवघेवीच्या सोयीतून, म्हणजे जे नेटवर्क चालू ठेवण्यासाठी एवढा आटापिटा केला जातो त्याच्यातूनच. म्हणून आता शाखेचे नेटवर्कही आतून तुकड्यांत विभागले जाते आणि काउंटरवरील संगणकांचे यूएसबी पोर्ट बंद ठेवले जातात. स्वतंत्र संगणकावर ईमेलने आलेली यादी काउंटरवर न्यायची कशी, हा प्रश्न त्यातून उभा राहतो, आणि अनेकदा ती छापून घेऊन पुन्हा टंकित करणे हाच त्यावरचा तोडगा असतो.