पोटखराबा: कोल्हापूरच्या डोंगरी कुरणांची पार्श्वभूमी

डोंगराकडच्या गावातला सातबारा हातात घेतला की एक शब्द हमखास भेटतो: पोटखराबा. लागवडीला अयोग्य, म्हणून आकारणीतून वगळलेलं क्षेत्र. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, चंदगड कुठलाही तालुका घ्या, पिकाच्या रकान्यात 'गवत पड' एवढंच लिहिलेलं असतं. ज्या रानावर म्हशी जगल्या, दूधदुभतं चाललं, घरं शाकारली गेली, त्या रानाची कागदावरची ओळख 'खराबा'. आज कुरणं वाचवायची, पुन्हा उभी करायची म्हणून जी चर्चा सुरू आहे, तिची सुरुवात या शब्दापासून करावी लागते.

आधी हे रान काय आहे ते बघू. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, पूर्वेला शिरोळात ५०० च्या आसपास. एवढ्या पावसाच्या घाटमाथ्यावर घनदाट जंगलच असायला हवं, मग मध्येच उघडी पठारं कशी? उत्तर पायाखाली आहे. जांभ्या दगडाचा सलग थर, त्यावर कुठे वीतभर तर कुठे बोटभर माती. अशा पठाराला इथे सडा म्हणतात. पावसाळ्यात ती पाण्यानं तुडुंब, उन्हाळ्यात तव्यासारखी तापलेली. मोठ्या झाडाला मूळ रोवायला जागा नाही. म्हणून मसाई पठार, दाजीपूरच्या जंगलातला सावराईचा सडा, इदरगंज अशा जागी गवतच राज्य करतं, आणि श्रावण-भाद्रपदात त्या गवतातून सोनकी, तेरडा, सीतेची आसवं, किडे खाणारी दवबिंदू वर येतात. यातल्या काही वनस्पती सह्याद्री सोडून जगात कुठेच नाहीत.

सडा मुळातच गवताचा. पण सड्याखालच्या उतारांवरचं गवत मात्र पुष्कळसं माणसानं आणि जनावरानं राखलेलं आहे. तिथे माती खोल आहे. कापणी आणि चराई थांबली की दहा-पंधरा वर्षांत कारवी, करवंद, मग झाडोरा चढतो. दोन्ही जागा लांबून सारख्याच हिरव्या दिसतात, पण दोन्हींना एकच औषध चालत नाही. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

या रानाचे जुने जाणकार म्हणजे गवळी धनगर. डोंगराच्या अगदी माथ्यावर पाच-दहा घरांचा धनगरवाडा, म्हशींचा कळप, थोडी नाचणी-वरी. खाली खोऱ्यात कुणबी भात पिकवणार, वर धनगर म्हशी राखणार, आणि लोणी-तूप खाली येऊन धान्य वर जाणार. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत गवळी धनगरांचा अभ्यास केला, तेव्हा हीच मांडणी त्यांच्या नजरेत भरली: एकाच डोंगरावर दोन समाज, पण त्यांची रानं वेगळी, उंची वेगळी, गरजा वेगळ्या. ही व्यवस्था गोडीगुलाबीचीच होती असं समजू नये. भांडणं व्हायची. पण कुठलं रान कधी मोकळं होणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

मेंढपाळ धनगरांचं गणित याच्या उलटं. दख्खनी मेंढीला घाटमाथ्यावरचा पाऊस सोसत नाही, खुरं सडतात. म्हणून पावसाळाभर कळप पूर्वेच्या कोरड्या माळावर, आणि दिवाळीनंतर पश्चिमेला, काही थेट घाट उतरून कोकणात. वाटेत शेतकरी 'बकरी बसवायला' बोलावतो. रात्रभर कळप रानात बसला की लेंडी-मुताचं खत जमिनीला, आणि धनगराला धान्य किंवा पैसे. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला भंडाऱ्यात न्हालेली गर्दी बघितली की या चालत्या पेशाचा पसारा ध्यानात येतो.

शाहूवाडीतल्या एका वाडीवर नोव्हेंबरात गवत कापणाऱ्या एका म्हातारीजवळ मी बराच वेळ बसलो होतो. हातातला विळा न थांबवता ती एकेक काडी वेगळी करून दाखवत होती. शेडा वेगळा, पवन्या वेगळा, डोंगरी वेगळं. कुसळीची मूठ तिनं बाजूला टाकली. "कुसळ भरायच्या आदी कापली तर म्हस खाती, आता तोंड बी लावायची न्हाई. आता निस्ती टोचती बग बाळा." मग पेंडी वळून तिनं त्याच गवताच्या आळ्यानं बांधली. रान दसऱ्यापर्यंत राखायचं, शिलंगण झालं की विळ्यांना धार लावायची, कापून गंजी रचली की मग जनावरं सोडायची, हा तिच्या सासूच्या काळचा शिरस्ता. त्यात शास्त्र आहे ते असं: बी पिकून काही गळाल्यावर कापणी होते, म्हणून चांगलं गवत पुढच्या वर्षी पुन्हा उगवतं. पावसाच्या पहिल्या महिन्यातच जनावर घातलं तर कोवळा शेडा मुळासकट उपटला जातो, आणि त्याची जागा आधी कुसळी, पुढे तरोटा घेतो. जाणता गुराखी नुसतं गवत बघून सांगतो रान किती चरून झालंय ते.

या शिरस्त्याला पहिला मोठा धक्का बसला एकोणिसाव्या शतकात. ब्रिटिशांच्या महसुली डोळ्याला जमीन दोनच प्रकारची दिसायची, सारा देणारी आणि न देणारी. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला आणि गावोगाव कोंडवाडे झाले. १८७८ च्या वन कायद्यानं जंगलाला राखीव आणि संरक्षित अशा रेषा मारल्या. कोल्हापूर संस्थान होतं खरं, पण इथली जंगलव्यवस्थाही साधारण त्याच वळणानं गेली. मोकळ्या रानात परवाना आला. फिरती नाचणी करणारे आणि डोंगरावरचे गुराखी कागदात जंगलाचे शत्रू ठरले.

दुसरीकडे संस्थानाच्या शिकारीनं काही रानं वाचवली, हेही नाकारता येत नाही. पूर्वेच्या माळांवर काळवीट होते आणि कोल्हापूर दरबार पाळीव चित्त्यांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. पश्चिमेला दाजीपूरचं रान राजघराण्याचं शिकारीचं जंगल म्हणून राखलं गेलं आणि गवा टिकला. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५८ मध्ये दाजीपूर अभयारण्य झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं. १९८५ मध्ये ते ३५१ चौरस किलोमीटरांपर्यंत वाढलं. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्या यादीत हे दाजीपूर-राधानगरी अभयारण्यही आहे. माळावरचे चित्ते आणि काळवीट मात्र गेले. माळाला राजाश्रय होता तो शिकारीपुरता.

स्वातंत्र्यानंतर 'पडीक' या शब्दाचं वजन वाढलंच. १९७५ च्या कायद्यानं खासगी वनं सरकारकडे आली. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण खातं सुरू झालं, १९८५ मध्ये केंद्रानं पडीक जमीन विकासासाठी मंडळ नेमलं. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण उघडं रान म्हणजे उजाड रान, आणि उजाड रानावर झाड लावलं की पुण्य, हे समीकरण इतकं पक्कं बसलं की गवताला विचारायला कोणी गेलंच नाही. गायरानांवर निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी राहिली. सड्यावर खड्डे खणून लावलेली रोपं बहुतेक मेली. पण खड्ड्यासाठी जांभा फोडताना मातीचा जो पातळ थर विस्कटला, तो पुन्हा बसायला किती पावसाळे लागतील कोण जाणे. बॉक्साइटच्या खाणींनी तर राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडच्या काही सड्यांचा माथाच उचलला. खाण संपल्यावर तिथे झाडं लावता येतात, मूळ सडा परत आणता येत नाही.

गायरानांचं वेगळंच झालं. गावच्या गुरांच्या फुकट चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आजही आहे. प्रत्यक्षात त्यावर घरं झाली, शाळा झाल्या, पाण्याच्या टाक्या झाल्या. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अतिक्रमणं काढायची वेळ आली तेव्हा कोल्हापुरात मोर्चे निघाले. ज्यांची घरं जाणार होती त्यांची भीती खरी होती. गुरांच्या बाजूनं बोलणारं मात्र त्या सगळ्यात फारसं कोणी दिसलं नाही.

आणि तरीही, कुरणं मोडली ती कायद्यानं जितकी, त्याहून जास्त उसानं, असं माझं मत आहे. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ स्थापन झाला, पुढे 'गोकुळ' घरोघरी पोचलं. दुधाचा पैसा दहा दिवसांनी हातात यायला लागला, तशी दावणीला मुऱ्हा म्हैस आली, संकरित गाय आली. ती डोंगर चढत नाही. तिला उसाचं वाडं, हत्ती गवत आणि पेंड लागते. वैरण डोंगरावरून खाली यायची ती उसाच्या फडातून यायला लागली. पोरं एमआयडीसीत आणि मुंबईत गेली. डोंगरावरचं गवत कापायला ना हात उरले, ना गरज. न कापलेलं, न चरलेलं गवत फेब्रुवारीत वाळून उभं असतं, आणि मग कोणीतरी काडी टाकतो. 'जाळल्यावर गवत चांगलं फुटतं' हा समज अजून पक्का आहे. कोवळे धुमारे लवकर फुटतात हे खरंच, पण वर्षानुवर्षं उशिरा लागलेला वणवा बी, पक्ष्यांची अंडी आणि मातीतला ओलावा घेऊन जातो. मागे राहतात कुसळी आणि रानमोडीचं तण.

म्हणजे एकीकडे गावाजवळचं रान अति चरलं गेलं आणि दूरचं कोणी चारलंच नाही. जैवविविधतेचं नुकसान दोन्हीकडे. शेजारच्या साताऱ्यात याचा धडा मिळाला आहे. कास पठाराला कुंपण घालून गुरं बंद केली, आणि काही वर्षांनी फुलं कमी होत असल्याची तक्रार सुरू झाली. उंच गवत माजलं की बोटभर उंचीच्या फुलांना ऊन मिळत नाही, हा त्यातला युक्तिवाद. अखेर कुंपण काढलं गेलं. घटलेल्या फुलांना फक्त चराईबंदीच कारण होती की गर्दी आणि पाऊसही, यावर वाद आहे, पण चराई म्हणजे केवळ नासधूस, हे जुनं गृहीतक तिथे हललं.

चांदोली राष्ट्रीय उद्यानात धडा आणखी स्पष्ट आहे. गावं उठल्यावर भातखाचरांच्या जागी सुंदर कुरणं तयार झाली, गवे आणि सांबरं तिथे चरायला यायची. मग हळूहळू झुडपांनी ती गिळायला सुरुवात केली. आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात तीच कुरणं राखायला झुडपं काढावी लागतात. गावकऱ्याचा विळा आणि म्हैस जे काम फुकट करत होती, ते आता अंदाजपत्रकात येतं. २०२१ च्या डिसेंबरात गवा थेट कोल्हापूर शहराच्या वेशीवर आला, तेव्हा सगळ्यांनी त्याला वाट चुकलेला म्हटलं. वरच्या रानात त्याला खायला काय उरलंय, हा प्रश्न फार कमी जणांनी विचारला.

पुनरुज्जीवनाचं ज्ञान इथे नाही असं नाही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीच्या गवतांवर आणि सड्यांवरच्या दुर्मीळ वनस्पतींवर आयुष्यभराचं काम केलं आहे. कामाची रीतही अवघड नाही. सड्यावर चर आणि खड्डे खणायचे नाहीत. उतारावर झुडूप काढून त्याच डोंगरावरचं शेडा-पवन्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा करून टाकायचं. रानाचे तुकडे पाडून आळीपाळीनं एकेक बंद ठेवायचा, आणि जानेवारीच्या आत जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, काढायच्या. अवघड आहे ते राखण कोण करणार आणि कापायचा हक्क कुणाचा, हे ठरवणं. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क आहे, फिरत्या पशुपालकांच्या हंगामी वाटांसकट. पण धनगरवाड्यावरच्या माणसाला त्यासाठी पुरावे जमवायचे तर तालुक्याला किती खेपा घालाव्या लागतात, ते त्यालाच विचारावं.

२०२१ मध्ये विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली. अभयारण्यापेक्षा हा प्रकार सौम्य आहे. स्थानिकांशी सल्लामसलत करूनच तो करावा असं वन्यजीव कायदा सांगतो. त्याच कायद्यात या क्षेत्रांच्या व्यवस्थापन समितीत कोण असावं तेही लिहिलंय: वन खातं, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव संवर्धनातल्या स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी, कृषी खात्याचा एक, आणि पशुसंवर्धन खात्याचा एक. म्हशीसाठी एक खुर्ची कायद्यानंच ठेवलेली आहे. त्या वाडीवरच्या म्हातारीला मी हे सांगितलं, तेव्हा तिनं पेंडी गंजीवर फेकली आणि एवढंच विचारलं, "मग ती मिटिंग दसऱ्याच्या आदी हाय का नंतर?"