मेंदूविज्ञानाच्या परिषदा नवख्यांसाठी कशा खुल्या झाल्या

खान्देशातून मेंदूसंशोधनाकडे वळणारी मुलं-मुली बरीचशी फार्मसीच्या वाटेने येतात. उंदरांची स्मरणशक्ती, भीती, फिट्स यांवर औषधांचा परिणाम तपासणं हे त्यांचं काम. आजूबाजूला याच विषयातली माणसं मोजकी, त्यामुळे आपल्या निष्कर्षावर नेमका प्रश्न विचारणारा माणूस परिषदेतच भेटतो.

या परिषदांना मोठा इतिहास नाही. मेंदूसंशोधनाची आंतरराष्ट्रीय संघटना 'इब्रो' १९६१ची, अमेरिकेची 'सोसायटी फॉर न्यूरोसायन्स' १९६९ची. सोसायटीचं पहिलं वार्षिक अधिवेशन १९७१मध्ये वॉशिंग्टनला भरलं. आपली इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरोसायन्सेस १९८२ची.

विद्यार्थ्याला खरी जागा दिली ती पोस्टरने, म्हणजे आपलं संशोधन मांडणाऱ्या मोठ्या तक्त्याने, आणि ती पद्धत जीवरसायनशास्त्राकडून आली : १९६९ला माद्रिदमध्ये, १९७४ला अमेरिकेत मिनियापोलिसला. व्यासपीठावरची दहा मिनिटं बहुधा ज्येष्ठांकडे जात. पोस्टरपाशी मात्र पीएच.डी.चा विद्यार्थीही तास-दोन तास तज्ज्ञांशी समोरासमोर बोलू लागला. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या 'आविष्कार' स्पर्धेत अनेकांचं पहिलं पोस्टर लागतं. ती तालीम फार मोलाची आहे.

पुढे अमेरिकेतल्या अधिवेशनाची गर्दी तीस हजारांवर गेली आणि नवखा माणूस त्यात हरवू लागला. मग प्रवासवृत्ती (प्रवासखर्चासाठीची मदत), मार्गदर्शकाशी भेटी आणि 'इब्रो'ची प्रशिक्षण शिबिरं यांचं महत्त्व वाढलं. मार्च २०२०मध्ये कोविडच्या काळात 'न्यूरोमॅच' ही मेंदूविज्ञानाची परिषद पूर्ण ऑनलाइन भरली. सहभागींच्या कामाचा मजकूर ताडून संगणक त्यांच्या जोड्या लावून देई, म्हणजे ओळखीपाळखीची गरजच उरली नाही. नंदुरबारच्या विद्यार्थ्यासाठी यापेक्षा मोठा बदल दुसरा नसेल.

सोयी वाढल्या, तरी परिषदेचे अर्ज अडतात ते साध्या गोष्टींवर. आपल्या कामाचा सारांश पाठवायची मुदत परिषदेच्या कित्येक महिने आधी संपते, तेव्हा 'प्रयोग चालू आहे' असं लिहून भागत नाही. निदान एका प्रयोगाचे आकडे हातात हवेत. सर्वांत घातक चूक संख्येची : गटात ६ उंदीर आणि प्रत्येकाच्या १० पेशी मोजल्या, तर नमुना ६चाच, ६०चा नव्हे. परीक्षक हे पहिल्या वाचनातच पकडतात. प्राणी नीतिमत्ता समितीचा मंजुरी क्रमांकही हाताशी ठेवावा.

पोस्टर आडवं की उभं, हे परिषदेच्या सूचनेत पाहूनच मांडणी करावी. ए-शून्य हा कागदाचा आकार म्हणजे ८४.१ × ११८.९ सेंमी. उभ्या फळीवर आडवं पोस्टर बाहेर लोंबतं. फ्लेक्सच्या दुकानात देण्याआधी आलेख ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढावेत. स्क्रीनवरून उचललेली चित्रं एवढ्या आकारात फुटतात. मुख्य मजकुराची अक्षरं २४ पॉइंटच्या खाली नकोत.

पैशाचं गणित सर्वांत अवघड. बऱ्याच प्रवासवृत्त्यांची रक्कम परिषदेहून परतल्यावर, तिकिटं आणि बोर्डिंग पास जोडल्यावरच मिळते, तोवर खर्च घरून करावा लागतो. कापसाच्या पैशावर शिकणाऱ्या घराला तो झेपत नाही, आणि ही त्रुटी आयोजकांनीच दूर करायला हवी. तोपर्यंत सारांश स्वीकारल्याचं पत्र येताच नोंदणी शुल्कमाफी मागावी आणि विभागाकडे आगाऊ रकमेचा लेखी अर्ज द्यावा; तो मंजूर व्हायला लागणारा वेळ धरूनच परिषद निवडावी.