कॅनचं दूध आणि गायीचं रक्त: ब्रुसेलाच्या दोन तपासण्या

ब्रुसेला म्हणजे जनावरांना गाभडवणारा, त्यांचा गर्भपात घडवणारा जंतू; तो माणसालाही लागतो. त्याच्यासाठीची रक्ताची तपासणी अनेक पशुपालकांनी पाहिलेली असते. रक्तजलाच्या (गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या पाण्याच्या) थेंबात रोझ बंगालचा, म्हणजे त्या रंगानं रंगवलेल्या मृत जंतूंचा, गुलाबी थेंब मिसळायचा. 4 मिनिटांत गुठळ्या दिसल्या की ती गाय संशयित, आणि मग खात्रीसाठी एलायझा ही प्रयोगशाळेतली अँटिबॉडी तपासणी. दुधाच्या रिंग टेस्टमध्ये निळे रंगवलेले मृत जंतू कॅनमधल्या दुधात घालून नळी 37 अंशांवर तासभर ठेवतात. अँटिबॉडी असतील तर जंतू सायीबरोबर वर येतात आणि निळं कडं दिसतं.

घोळ होतो तो पुढे. 'कॅन निगेटिव्ह आला, म्हणजे आमची जनावरं स्वच्छ' हे वाक्य ऐकून मी कंटाळलो आहे. कॅनमध्ये असतं फक्त आज दुभत्या असलेल्या गायींचं दूध. भाकड गाय त्यात नाही, कालवडी नाहीत, वळू नाही. गाभडून आटलेली, म्हणजे जिच्यावर सर्वांत आधी संशय घ्यायचा, तीच नेमकी बाहेर! शिवाय गावच्या संकलन केंद्राच्या कॅनमध्ये अनेक घरांचं दूध एकत्र होतं. एखाद्याच बाधित गायीच्या अँटिबॉडी त्यात इतक्या पातळ होतात की कडं उमटतच नाही. म्हणून ही तपासणी एकदा करून भागत नाही, ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा करावी लागते.

उलटही होतं. नुकत्याच व्यालेल्या गायीचा चीक, दगडी झालेल्या कासेचं किंवा आटत आलेल्या गायीचं दूध मिसळलं, तर रोग नसतानाही कडं येऊ शकतं. कॅन पॉझिटिव्ह आला म्हणून घाईनं गाय बाजारात नेणं मला अक्षम्य वाटतं. दुसऱ्याच्या गोठ्यात रोग पोचवायचा तो हाच रस्ता. कॅननं इशारा दिला की एकेका जनावराचं रक्त तपासायचं. तेव्हा लसीची नोंद हाताशी हवीच, कारण 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना देतात ती ब्रुसेलाची एस-19 लसही रक्तात अँटिबॉडी सोडते.

शेळ्या-मेंढ्यांच्या दुधाला रिंग टेस्ट लावूच नका, तिथं ती भरवशाची नाही.

आणि गाभडलेल्या गायीचं रक्त त्याच दिवशी निगेटिव्ह आलं तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घ्या. अँटिबॉडी उशिरा चढतात. तोवर तिला वेगळी बांधा, दूध उकळूनच वापरा आणि वार (गर्भाबरोबरची झिल्ली) उघड्या हातानं काढू नका.