कानाने केलेला अभ्यास किती टिकतो?

रेसिडेन्सीत, म्हणजे हॉस्पिटलात काम करत डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेताना, पुस्तक घेऊन सलग तासभर बसायला मिळणं दुर्मीळच. वॉर्ड, राउंड, इमर्जन्सी, डिस्चार्ज कार्डं यांतून आपल्या हाती उरतो तो जाण्यायेण्याचा वेळ. रोजचा एक तास धरला तरी महिन्याला पंचवीसेक तास होतात. तो वाया घालवायला जीव होत नाही, म्हणून मीही इअरफोन लावून लेक्चरं ऐकायचे. ऐकताना सगळं समजायचं. दुसऱ्या दिवशी राउंडला सरांनी त्यातलंच काही विचारलं की मात्र तोंडातून शब्द फुटायचा नाही.

विषय ओळखीचा वाटणं आणि तो आपणहून आठवणं, ही मेंदूसाठी दोन वेगळी कामं आहेत. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. तेच लेक्चर परत ऐकणं हे पुन्हा वाचण्यासारखंच.

म्हणून मी लेक्चरं कमी केली आणि आदल्या रात्री स्वतःच्या आवाजात प्रश्न रेकॉर्ड करायला लागले. ‘पोटॅशियम वाढलंय, ईसीजीत आधी काय दिसेल?’ मग पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग उत्तर: ‘उंच, टोकदार टी वेव्ह.’ ‘कॅल्शियम ग्लुकोनेट कशासाठी?’ पुन्हा शांतता. ‘हृदयाच्या स्नायूंना सांभाळायला, पोटॅशियम त्याने उतरत नाही.’ सगळी मेहनत त्या मधल्या शांततेत आहे. उत्तर चुकलं तरी चालेल, पण ते ऐकण्याआधी मनात शोधाशोध झालीच पाहिजे.

एक्स-रे किंवा नसांची गुंतागुंत कानाने शिकायला जाऊ नये, ती डोळ्यांसमोरच हवी. उलट हृदयाचे मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मध्ये येणारे घुमते आवाज, मुळात कानाचेच. एऑर्टिक स्टेनोसिसचा (झडप अरुंद झाल्याचा) मर्मर चढत जाऊन उतरतो, मायट्रल रिगर्जिटेशनचा (झडप गळत असल्याचा) सिस्टोलभर, म्हणजे हृदय आकुंचन पावत असेपर्यंत, सारखा घुमत राहतो. हे वाक्य दहा वेळा वाचूनही जे कळत नाही ते ऐकून कळतं. हृदयरोगतज्ज्ञ मायकेल बॅरेट यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना तेच मर्मर शेकडो वेळा ऐकवले, तेव्हा त्यांची ओळखण्याची क्षमता खूप सुधारली. प्रवासात करण्याजोगा याहून चांगला अभ्यास मला माहीत नाही.

हे सगळं बस, ट्रेन किंवा दुसरं कुणी चालवत असलेल्या गाडीसाठी. स्वतः स्टिअरिंगवर असाल तर हिशेब बदलतो. स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांच्या २००१च्या प्रयोगात रेडिओ किंवा पुस्तकाचं रेकॉर्डिंग नुसतं ऐकणाऱ्यांचं लक्ष फारसं ढळलं नाही. फोनवर बोलणाऱ्यांकडून मात्र सिग्नल जास्त चुकले आणि प्रतिसादही मंदावला. उत्तर शोधून बोलणं हे संभाषणाच्या जवळ जातं. तेव्हा प्रश्नोत्तरं गाडी चालवताना नकोत.

आणि नाइट ड्यूटीनंतर तर काहीच नको. २४ तास जागं राहिल्यावर आपली कामगिरी रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते, असं डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली दाखवलं. अशा अवस्थेत गाडी हातात घेऊच नये. तेव्हा ऐकलेलं टिकतही नाही, कारण दिवसभराचं शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि नेमकी तीच राहिलेली असते. मायकेला ड्यूअर आणि सहकाऱ्यांच्या २०१२च्या अभ्यासात गोष्ट ऐकल्यावर दहा मिनिटं डोळे मिटून नुसतं पडून राहिलेल्यांना ती आठवड्यानंतरही जास्त आठवत होती. रात्रभर वॉर्डात जे पाहिलं तोच त्या सकाळचा धडा. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली तर इअरफोन पिशवीतच राहू द्यावेत आणि डोळे मिटावेत.